कोपऱ्यात काय आहे, सांग

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही माहेरी, नदीपलीकडे महाराष्ट्रात. त्यानंतर किराण्याच्या यादीशिवाय हातून काही लिहिणं झालं नाही. चुका दिसतील, त्या पोटात घाला. तोंडाने सांगायला मला लाज वाटते, म्हणून लिहिते आहे.

“थांबव, थांबव. थोडं मागं घे.”

असं म्हणताना काका उजव्या हाताचं एक बोट वर करत आणि खुर्चीत पुढे सरकत. समोर टीव्हीवर शहर कोसळत असायचं. माणसं ओरडत पळताहेत, डोंगराएवढा राक्षस इमारती तुडवत चालला आहे, आणि काका राक्षसाकडे न पाहता पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवणार.

“ते घर पाह्य. ग्यालरीत कपडे वाळू घातले आहे. दोन सेकंदात त्याचा चुरा होणार, तरी कोणतरी बसून एवढुसे सदरे शिवले.”

मी नदीअलीकडे बालाघाटला त्यांच्याकडे आठ वर्षं स्वयंपाक केला. काका बांधकामाच्या सरकारी खात्यात नकाशे काढायचे. मंत्री येणार असला की होणाऱ्या पुलाचा किंवा धरणाचा छोटा नमुना करायचं काम त्यांच्यावर पडायचं. पुठ्ठ्याच्या भिंती, काड्यांचे विजेचे खांब, भुसा हिरवा रंगवून केलेलं गवत. मंत्री त्याकडे पाच मिनिटं पाहणार आणि मग तो नमुना गोदामात धूळ खाणार. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच नाद उरला, जपानच्या राक्षसांचे सिनेमे. नागपूरच्या जावयाने एका पेनड्राईव्हमध्ये भरून दिले होते, हिंदी आवाज घातलेले.

हा नाद बिरसा गावी नोकरीवर असताना लागला, असं ते सांगत. कॉलनीतल्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याने व्हिडिओ आणला. मारामारीचा हिंदी सिनेमा समजून जी कॅसेट आणली, तिच्यातून निघाला राक्षस. लोक शिव्या देत उठून गेले. काका एकटे बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी ती कॅसेट पुन्हा मागायला गेले. काकू म्हणायच्या, “तवाच मले समजलं, मी कोणाच्या घरी आली.”

काकूंना या सिनेमांचा भारी राग. “सत्तरी आली अन् पाली पाहून राह्यले,” असं त्या रोज दुपारी एकदा तरी म्हणणार.

“अवं, पाल नाही ते. आत माणूस आहे. रबराच्या कपड्यात उकडून राह्यला असन बिचारा.”

“मंग त्याले म्हणा, घरी जाय. बायको वाट पाहून राह्यली असन.”

असे सिनेमे आवडणारा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. बहुतेकांना त्यातली मोडतोड आवडते. काकांना मोडायच्या आधीचं आवडायचं. पण म्हणून खोटी तारीफ नाही. चुका काढायला बसले की काका कोणालाच सोडायचे नाहीत. राक्षसाच्या पाठीवरची चेन दाखवणार. विमानाला बांधलेली तार दाखवणार. एकच इमारत दोनदा पडली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, हे त्यांनीच मला दाखवलं. रणगाड्यातून गोळ्याऐवजी दिवाळीच्या अनारासारख्या ठिणग्या उडायच्या. माणसांची तोंडं मिटायची तरी आवाज चालूच. “तुह्या काकूसारखा,” असं ते हळूच म्हणत. आणि अर्ध्याहून जास्त सिनेमा साहेब लोकांच्या बैठकीतच जायचा.

“हा आपल्याच खात्याचा सिनेमा आहे. राक्षस दारात आला, अन् यायची मीटिंग काही संपत नाही.”

मी आधी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहायची. काकांनी एकदा विचारलं, “कसा वाटला व, पोरी?” मी काहीच बोलले नाही, जाऊन भांडी घासत बसले. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे. काकांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टीव्हीसमोर एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं.

त्यांचा सगळ्यात आवडता सिनेमा एकच. त्यातल्या राक्षसाला रेड्यासारखी शिंगं होती आणि पाठीवर शिंपले चिकटलेले होते. तो समुद्रातून निघतो, शहरभर हिंडतो, मग लोक मशाली आणि तोफा घेऊन त्याला पुन्हा समुद्राकडे हाकलतात. तो पाण्यात शिरला की काका सिनेमा बंद करत. “बस. पुढचं राहू दे.” त्यापुढे काय होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात नारबोद काढतात. फांद्या, चिंध्या, कागद यांची एक बाई करतात आणि मोहल्ल्यातून ओढत गावाच्या शिवेबाहेर नेऊन जाळतात. “खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद, रोगराई घेऊन जाय गे नारबोद,” असं ओरडतात. त्या वर्षी सकाळी आमच्या गल्लीतून ती गेली आणि दुपारी काकांनी शिंगवाला सिनेमा लावला. मशालींचा भाग आला आणि कसं काय कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं,

“काका, ही नारबोद आहे.”

काकांनी बोट वर केलं नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणली?”

आता बोलणं भाग होतं. “हे लोक तिले मारून नाही राह्यले. शिवेबाहेर घालवून राह्यले. साऱ्या शहराचं दुखणं घेऊन ती जाते.”

काका म्हणाले, “जपानच्या लोकायले हे मालूम नसन.” त्या दिवसापासून राक्षस गेला, नारबोद आली. ‘तो’ची ‘ती’ झाली.

मी चहा ठेवायला उठले तेव्हा ते आणखी एक वाक्य बोलले. “तिले म्हण, माह्या डोळ्याचं बी घेऊन जाय.”

मला वाटलं, गंमत करताहेत. पण काही दिवसांपासून एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. आधी तेच मला कोपरे दाखवायचे. आता ते मला विचारायचे, “कोपऱ्यात काय आहे, सांग.” मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत. बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हाताने दोनदा लवंडला होता. रिमोटही त्यांनी माझ्याच हातात देऊन टाकला होता.

“नळीतून पाहिल्यावाणी दिसते,” ते म्हणाले. “मधातलं दिसते. बाजूचं सारं गेलं. काकूले सांगशीन नको.”

“काहून काका?”

“ते आपल्या पोरीले फोन करन. पोरगी नागपूरले घेऊन जाईन. मंग हे घर बंद. मले इथंच राहू दे, जवरक दिसते तवरक.”

मी हो म्हटलं. इतकी वर्षं मला कोणी मनातलं असं सांगितलं नव्हतं. गुपित राखणं मला जड नव्हतं, गप्प राहणं हे मला येतच होतं.

म्हणून रोज दुपारी, काकू आत आडव्या झाल्या की, मी कोपरे सांगू लागले. “तिथं एक दुकान आहे. बाहेर टोपल्या आहे. टोपल्यात काहीतरी लाल लाल आहे.” “टमाटर?” “नाही, सफरचंदं असन.” “किती?” आणि मी सिनेमा थांबवून सफरचंदं मोजायची. पुलावर दिव्यांचे खांब किती, बसच्या खिडकीत डोकी किती. ज्या कारागिरांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती, त्यांचं एकेक काम मी काकांना वाचून दाखवत होते. आयुष्यात मी कोणाशी एवढं बोलले नसेन. खरं सांगते, ते महिने मला फार आवडले. हेच आता मला सलतं.

होळी जवळ आली असताना काका दूध आणायला रस्ता ओलांडत होते. बाजूने आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही. हाताचं हाड मोडलं, ते जुळलंही. पण हाड बसवणाऱ्या डॉक्टरांना शंका आली, म्हणून गोंदियाला डोळे दाखवायला नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब घालून उरलेली राखता येते, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा-सात महिने आधी आले असते तर बरंच राखता आलं असतं. आता राखण्यासारखं फार उरलं नव्हतं.

हे सगळं काकूंनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी कणीक मळत होते. माझे हात थांबले ते त्यांनी पाहिलं.

“तुले मालूम होतं?”

“हौ.”

“कधीपासून?”

“पोळ्यापासून.”

त्या चिडतील, कामावरून काढतील असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “मी चाळीस वर्षापासून त्यायच्या बाजूले झोपते. मले नाही समजलं. तुह्यावर काय रागावू, बाई?”

मी माफी मागायला हवी होती. तेव्हाही तोंडातून शब्द निघाला नाही.

पावसाळ्याच्या आधीच मधली नळीही बंद झाली. मुलगी येऊन दोघांना नागपूरला नेणार असं ठरलं. काकांनी एका शब्दानेही नकार दिला नाही. सामान बांधून झालं. टीव्ही तेवढा शेवटी काढायचा होता. निघायच्या आदल्या दुपारी काका म्हणाले, “नारबोद लाव. आज पुरा लाव.”

काकू पहिल्यांदाच येऊन बसल्या, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. मी स्टुलावर. आवाज बंद करायला काकांनीच सांगितलं. मी शहर सांगितलं, दुकान सांगितलं, बैठक सांगितली. “झाली का नाही त्यायची मीटिंग?” “नाही झाली, काका.” काकू हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मग मशाली आल्या. ती पाण्यात शिरली. मी सवयीने बटणावर बोट ठेवलं, पण काका म्हणाले, “चालू दे.”

पुढचं मी पहिल्यांदा पाहत होते. समुद्रात बोटी टपून बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी सोडलं, पाणी उकळल्यासारखं झालं. ती वळली, एकदा वर आली. शिंगं दिसली. मग तिची मान कलली.

माझा आवाज थांबला. काकांचा चेहरा टीव्हीकडे होता.

“जाऊन राह्यली का, पोरी? शिवेबाहेर?”

हौ म्हणणं सोपं होतं. ती गेली काका, सारं घेऊन गेली, एवढंच म्हणायचं होतं. काकूंनीही माझ्याकडे पाहून मान हलवली, की म्हण. पण एकदा मी गप्प बसले होते आणि त्याचं काय झालं ते समोर खुर्चीत बसलेलं होतं.

“नाही, काका. मारलं तिले. मेली ते.”

काकांनी श्वास सोडला. “हौ. मरते ते. मी लय वेळा पाहिलं आहे.” मग हात पुढे करून माझं डोकं चाचपडलं. “मले वाटलं, तू खोटं सांगशीन.”

“मी तेव्हाच सांगाले पाहिजे होतं, काका. काकूले.”

एवढं मी बोलले. दोघांसमोर, मोठ्याने.

“मीच नको म्हटलं होतं,” काका म्हणाले. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो काढला नाही. थोड्या वेळाने काकांनी विचारलं, “आता काय दिसून राह्यलं?”

“बोटी चालल्या वापस.”

“अन् आता?”

“काही नाही, काका. नुसतं पाणी.”

“सांगत राय,” ते म्हणाले.

मी पाणी सांगत राहिले. आधी फेस होता, मग फेस विरला. मग लहान लाटा, मग त्याही नाहीत. पडदा काळा झाला तरी मी थोडा वेळ पाणीच सांगितलं.