काळविटांच्या माळावर रोपांचे खड्डे

दोष सरळ राऊंडसाहेबांचा, म्हणजे आमच्या वनपालांचा. झाड असेल तरच जंगल, गवत म्हणजे ओसाड, एवढंच त्यांना ठाऊक. कॉलेज सोडून मी त्यांच्याकडे काळविटं मोजायला रोजंदारीवर लागलो. तिथले किस्से कुसळांसारखे; एक उपटावं तर पायजम्यात आणखी चार निघतात.

*

पहिल्याच दिवशी साहेब जीप घेऊन थेट माळात घुसले. दुर्बिणीचं झाकण निघेपर्यंत कळप क्षितिजापलीकडे.

"किती होते रे?"

"धूळ मोजू का, साहेब?"

*

मग आमचे नाकेदार, म्हणजे वनरक्षक, बंडूभाऊ. त्यांनी पाणवठ्यावर मचाण बांधलं आणि आम्हाला दिवसभर वर बसवलं. खाली एक म्हैस पाणी पिऊन गेली.

"पंचवीस वर्षं असेच वाघ मोजले मी," बंडूभाऊ म्हणाले.

"मग वाघालेच विचारा, काळवीट कुठी हाय ते."

*

शेवटी बकऱ्या चारणाऱ्या कौसाबाईंनी आम्हाला शिकवलं. "काऊन रे, गाडी कायले आणता? माह्या बकऱ्याईच्या मांगं चाला गुपचूप."

चाललो. शंभर पावलांवर काळा नर चरत होता. त्यानं मान वर केली, बकऱ्या पाहिल्या, पुन्हा गवतात तोंड घातलं. बंडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, कुसळ गेलं.

*

उन्हाळ्यात साहेबांनी त्याच माळावर रोपांसाठी खड्डे खोदायला घेतले.

"साहेब, ते धावून जीव वाचवते. झाडीत कुठी धावन? माळ सोडून जाईन ते."

"कॉलेज पुरं झालं नाई तुयं, अन् मले शिकवतं?"

"काळवीट तं शाळेतबी नाई गेलं. त्याले समजते."

*

चंद्रपूरहून मोठे साहेब खड्डे तपासायला आले. टेप घेऊन खड्ड्यामागून खड्डा मोजत होते. एका खड्ड्यापाशी वाकले ते वाकलेच राहिले. आत काळविटाचं पिल्लू, कान पाडून, दगडासारखं गप्प. दूर मादी उभी.

"यात काय लावलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काळवीट," मी म्हणालो.

"अन् हे खड्डे कोणी काढायले लावले?"

राऊंडसाहेब आभाळाकडे पाहू लागले. बंडूभाऊ बुटाकडे. मी बोट दाखवलं.

मोठ्या साहेबांनी टेप गुंडाळून खिशात घातला आणि सगळ्यांना पाय न वाजवता मागे सरायला सांगितलं.

पिल्लू आईमागे गेल्यावर आठवडाभरात सगळे खड्डे बुजवले. पावसात माळ पुन्हा गवतानं भरला.

मला मात्र बोट दाखवलं त्याच संध्याकाळी राऊंडसाहेबांनी कामावरून काढलं.