बर्फात घातलेला हात

घाटंजीच्या पुढे माळावर एका जादूच्या मालिकेतल्या राजवाड्याचा सेट आहे. तो पाहायला दिग्रसहून आमची बस गेली होती. माझ्या सात वर्षांच्या मुलीचा त्या राजवाड्यावर पक्का विश्वास होता. माझा विश्वास नव्हता तो शेजारच्या सीटवरच्या माणसावर. साठीचे, एकटे, सोबत लेकरू नाही. असा माणूस इथं कशाला? मी मुलीला खिडकीकडे सरकवलं.

सेटवर ते आमच्या मागेमागेच. खांब दिसला की टिचकी मारायचे. "पोकळ." सिंहासन नखानं खरवडलं. "थर्माकोल." मुलीचं तोंड उतरत चाललं, तशी मी भडकले. "काका, सगळंच काहून ठोकून पाहता?"

"जिनिंगमधे कापूस तपासतो मी. तीस साल झाले. गाडी वरून पांढरीच दिसते, हात आत घालाच लागते."

शेवटी बर्फाचा डोंगर आला. त्यांनी सवयीनं कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर बर्फ बाहेर काढला, चिमटीत ताणून पाहिला.

"आजोबा, हा पण खोटा?" मुलीनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

त्यांनी मूठ मिटली. "नाही माय, खरा आहे. हात गारठला माहा."

परतताना ती माझ्या मांडीवर झोपली, तेव्हा त्यांनी मला मूठ उघडून दाखवली. आत पिवळट कापूस होता.

"फरदड," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या वेचणीचा हलका माल. जिनिंगमधे मी हा गाडीतून उतरू देत नाही."