मारोतरावांचा माउसशी काडीमोड

दुर्गजवळच्या हुडको वसाहतीतल्या मारोतराव कापगत्यांना पोलादाच्या प्लांटातून रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलेली नाही. चार्जमन असताना त्यांनी नुसतं बोट वर केलं की डोक्यावरची क्रेन हलायची. आता घरात हाका मारून घसा बसला तरी बायको नलूबाई स्वयंपाकघरातून "भाजी जळून राहिली ना!" एवढंच ऐकवते. हुकूम सोडण्याची सवय काही सुटेना, म्हणून त्यांनी मराठी मंडळाचं सचिवपद पत्करलं. मंडळाला सचिवाची गरज होती असं नाही. मारोतरावांना मंडळाची होती. घरच्या कॉम्प्युटरवर ते मंडळाची सूचनापत्रकं तयार करत. ती कुणी वाचत नसे, म्हणून पुढच्या खेपेला अक्षर आणखी मोठं करत.

गेल्या वर्षी घरातला माउस बिघडला. म्हणजे मारोतरावांच्या मते बिघडला. फोटो उघडायला जावं, तर पडद्यावरचा बाण थरथरत थरथरत कचऱ्याच्या डब्यावर जाऊन बसायचा. त्यांनी दुसरा माउस आणला. तोही तसलाच निघाला. तिसरा बिनतारेचा आणला आणि तोही परत करायला गेले, तेव्हा दुकानदारानं तो चालवून पाहिला, मग त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अंकल, माउस तो ठीक है." मारोतराव त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. हल्ली लोकांना मालाची पारख राहिलेली नाही, असं त्यांनी नलूबाईला सांगितलं.

त्यांची लेक निशा दुर्गला पद्मनाभपुरात राहते आणि ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असते. एका रविवारी माहेरी आली असताना तिनं बापाची आणि बाणाची झटापट दारातूनच पाहिली. हाताचा विषय काढला असता तर चहा न पिताच परत जावं लागलं असतं, इतकं ती बापाला ओळखून होती.

"बाबा, माउस तो आजकल कोई चलाताच नाही," ती म्हणाली. "मोठे मोठे इंजिनिअर सगळं कीबोर्डवरूनच करतात."

"मले मालूम आहे," मारोतराव म्हणाले. त्यांना ते त्याच क्षणी कळलं होतं.

निशानं कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. ऑल्ट आणि स्पेस ही दोन बटणं सोबत दाबली की पडद्याच्या मधोमध एक रिकामी पट्टी उघडायची. तिच्यात हव्या त्या गोष्टीच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबलं की ती गोष्ट हजर. बाण नाही, नेम नाही, कचऱ्याचा डबा नाही. बोट थरथरून एकाच्या जागी दोनदा 'पी' पडला, तरी ती पट्टी 'फोटो' म्हणून समजून घ्यायची. इतका समजूतदारपणा मारोतरावांनी प्लांटात कधी कुणाला दाखवला नव्हता.

त्यांना तर गादीच परत मिळाली. दोन अक्षरं दाबायचा अवकाश, की हाताखालचा माणूस पळत येऊन उभा! त्या दिवसापासून मारोतरावांनी माउसवाल्या जनतेचा उद्धार आरंभला. सकाळच्या फिरण्यात त्यांनी कृष्णरावांना गाठलं. हे कृष्णराव रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, नागपूरकडचे.

"माउस म्हणजे अडाण्याचं काम, कृष्णराव. मी तर हातसुद्धा नाही लावत."

"कावून जी? काय बिघडवलं त्यानं तुमचं?"

"तुमाले नाही समजणार. हे सायन्स आहे."

मग मंडळाचा स्नेहमेळावा आला. जुन्या सभासदांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवण्याचं काम सचिवांनी अर्थातच कुणाला दिलं नाही. फोटो त्यांनी सभागृहाच्या कॉम्प्युटरवर आधीच टाकवून ठेवले होते. कार्यक्रमात आधी त्यांनी कीबोर्डाच्या महतीवर भाषण केलं. लोक वडे खात असल्यामुळे ते शांततेत पार पडलं. मग त्यांनी ऐटीत ऑल्ट-स्पेस दाबलं.

पट्टी आलीच नाही. निशानं ती घरच्या कॉम्प्युटरवर टाकली होती, सभागृहाच्या नाही. हा बारकावा सायन्सवाल्यांच्या ध्यानातून निसटला होता. कोपऱ्यात कसली तरी भलतीच यादी उघडली. मारोतरावांनी 'पी' दाबला, 'एच' दाबला. कॉम्प्युटर नुसता टणटण वाजला.

"माउस आहे ना तिथंच!" मागून कुणीतरी ओरडलं.

इलाज नव्हता. त्यांनी माउस धरला, आणि सगळ्या भिंतीवर बाण थरथरू लागला. हात टेबलाआड लपवता येतो. भिंतीएवढा बाण कुठं लपवणार? तो फोटोच्या जवळ जाई, लचके आणि भलतंच काही उघडी. पोरं हसू लागली.

"मारोतराव, बाण काय पिऊन आला काय?" कृष्णरावांनी विचारलं.

सभागृह खदखदा हसलं. मारोतरावांनी माउस सोडला. या माउसलाही शिव्या देता आल्या असत्या. तीन माउसांना देऊन झाल्याच होत्या. पण पहिल्या रांगेत नलूबाई बसली होती आणि ती एकटीच हसत नव्हती.

"बाण नाही," ते म्हणाले. "माझा हात कापते. सालभर झालं."

लोकांनी हातातले वडे खाली ठेवले. मग भागाबाई, मंडळाच्या सगळ्यांत जुन्या सभासद, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्यात काय झालं? माझा गुडघा तं दोन साल झाले मुडतच नाही. मी कोणाले सांगितलं काय?"

"मले उजव्या कानानं ऐकू नाही येत," कृष्णराव ओरडले. ते नेहमी का ओरडतात याचा उलगडा मंडळाला तेव्हा झाला.

त्यानंतर ज्यानंत्यानं आपापलं दुखणं काढलं. कुणाची साखर, कुणाची कंबर. फोटो राहिलेच, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एकही माणूस मध्येच उठून गेला नाही. कृष्णराव मारोतरावांजवळ आले. हसल्याबद्दल माफी मागण्याऐवजी म्हणाले, "ते पट्टीचं सायन्स माझ्या घरी पण लावून दे म्हणा निशाले."

त्याच आठवड्यात नलूबाई त्यांना दुर्गच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. वयानं असा कंप येतो, घाबरायचं कारण नाही, असं सांगून गोळ्या दिल्या. वर्षभर ज्याच्या धाकानं तीन माउस निकालात काढले, तो आजार एवढा मामुली निघाल्याचं मारोतरावांना थोडं वाईटच वाटलं.

परतताना ते टपरीवर थांबले. चहावाल्यानं ग्लास काठोकाठ भरला.

"घरी तं तू अर्धाच देतं," ते बायकोला म्हणाले.

"सांडते म्हणून," नलूबाई म्हणाली. "सालभर अर्धाच देऊन राहिली. तुमी इचारलं काय कधी?"

मारोतरावांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. थोडा चहा सदऱ्यावर सांडला, तेव्हा त्यांनी चहावाल्याला ग्लास फार भरल्याबद्दल दोन शब्द सुनावले, आणि मग उरलेला चहा चारचौघांत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.