पाठमोरा वाटा

आमच्या पक्षाविषयी आता कुणी बोलत नाही. पोंभुर्ण्यात जिथे आमचं कार्यालय होतं, तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुने लोक म्हणतात, मोठ्या पक्षांनी आमची माणसं फोडली. फोडली, पण नंतर. त्याआधी जे झालं ते मी केलं.

पक्ष तलावांतून उभा राहिला. गावोगावचे तलाव बाहेरच्या ठेकेदारांकडे होते आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारे ढिवर आपल्याच गावात चोर ठरत होते. मी धानवाल्या शेतकऱ्याच्या घरचा, माझा मित्र ढिवर; आम्ही दोघांनी मोर्चे काढले, तलाव मच्छीमार सोसायट्यांना मिळवून दिले. मग धानवाले शेतकरी आले, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया आल्या. मजुरीला दर, गावाला दवाखाना, जंगलावर हक्क, आणि हे सगळं मतपेटीतून, एवढंच आमचं धोरण होतं. ग्रामपंचायती आल्या, पाठोपाठ पंचायत समिती आली.

अर्ज, ठराव, पत्रकं मी लिहायचो. बोलायचा तो. मी रात्र जागून तयार केलेला मुद्दा तो सभेत असा सांगायचा की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि वर हात करायच्या. मी एकटा एखाद्या गावी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "एकटाच आला काय भाऊ? तो नाई आला?" माझ्याच घरी माझी बायको रोहू मासोळीचं मानाचं डोकं त्याच्या ताटात वाढायची. "ते दुरून आले," म्हणायची. तो शेजारच्या आळीत राहायचा.

विधानसभेच्या तिकिटाची वेळ आली तेव्हा नावं दोनच होती, त्याचं आणि माझं. मतदान घेतलं तर पक्ष दुभंगेल, म्हणून तलावावरची रीत वापरायचं ठरलं. मासोळीचे सारखे वाटे लावतात. एक माणूस त्यांच्याकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला वाटा दिसत नाही, म्हणून तक्रार नसते. आमच्या गावी हे काम वर्षानुवर्षे एक बाई करायची. ती माझ्या मित्राची दूरची मावशी होती, पण तिच्याविषयी कुणाला शंका नव्हती. तिला बसवा असं मीच सुचवलं. मनात मला खात्री होती. नवा सदरा शिवून घेतला होता.

मंदिरामागे दोन सुपं ठेवली. एकात धान, ते तिकिटाचं, दुसरं रिकामं. बाई पाठ करून बसली. पलीकडे जेवणासाठी मिरचीची फोडणी पडली आणि सगळेच ठसकले. हात ठेवणाराही ठसकला. मीही. त्याने धानाच्या सुपावर हात ठेवला.

"हा कोनाचा?"

बाईने माझ्या मित्राचं नाव घेतलं.

मी उठून त्याला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून मला दिसत होतं, सगळे हसत होते. माझ्या नावाला एवढे हसले असते का, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर धानवाल्या गावचे दोघं भेटले. मी आरोप केला नाही. फक्त विचारलं, "बाई त्याची मावशी लागते न? अन् हात ठेवनारा नेमका धानाच्या सुपापाशी खोकला, आयकलं काय तुमी?"

त्यातला एक म्हणाला, "फोडनीचा ठसका असन."

मी म्हणालो, "असन बा."

तेवढं पुरलं. आठवड्यात धानवाली गावं म्हणू लागली की ढिवरांनी ढिवराला तिकीट दिलं. मला अपक्ष उभं राहायचा आग्रह झाला. मी उभा राहिलो. आम्ही दोघंही पडलो. पुढच्या निवडणुकीत पंचायत समिती गेली, मग कार्यकर्ते जिकडे तिकीट मिळेल तिकडे गेले.

पक्ष गेला याचं दुःख वाटून घ्यायला पुष्कळ जण आहेत. बाईच्या वाट्याला आलं ते फक्त तिचंच होतं. त्या उन्हाळ्यात तलावातली मासोळी काढली तेव्हा ती नेहमीसारखी पाठ करून बसली. कुणीतरी ओरडलं, "आधी खोकून घ्या रे सगळे!" लोक हसले. ती उठली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पुन्हा कधी बसली नाही. पुढे वजनकाटा आला. लग्नकार्यातही कुणी तिच्याकडे काही राखायला देताना हळूच खोकायचं. मी तिथे असलो की दुसरीकडे बघायचो.

मित्र मोहर्लीला, वाघांच्या जंगलाच्या तोंडाशी, राहायला गेला. तिथे पर्यटकांना राहायला खोल्या बांधल्या. पोरगा गाईड आहे. चेहरा अजून तसाच, दात शाबूत. हे पाहून मला बरं वाटलं नाही.

यंदा सोसायटीच्या वार्षिक सभेला तोही आला होता. बाई भिंतीला टेकून बसली होती, आता ऐकूही कमी येतं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, फोडणी, टपरी, माझा प्रश्न. मोठ्याने सांगितलं, तिला ऐकू जावं म्हणून.

मागच्या बाकावरची पोरं आपसात विचारत होती, "कोनता पक्ष बे?"

बाई म्हणाली, "एवढं बोलाले तुले म्हातारा व्हा लागलं?"

"चुकलो बाई."

ती आणखी काही बोलणार होती. पण तेवढ्यात जुनी माणसं उठली आणि माझ्या मित्राभोवती जमली. "भाऊ, तू आमदार झाला असता!" एकाने त्याचे पाय धरले. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या न बे, आमदार झालो असतो तं शुगर झाली असती." सगळे हसले, अगदी पूर्वीसारखे. माझी खरं सांगायची सभाही त्याचीच झाली.

मी त्याच्याकडेच बघत राहिलो. बाईचं काय म्हणणं राहिलं ते विचारायला वळलो, तेव्हा ती भिंतीचा आधार घेत एकटीच दाराबाहेर पडली होती.