दादाचं लिव्हर आणि माझी अ‍ॅसिडिटी

दादाला आणि मला एकच आजार झाला, तोही आगेमागे. त्याचं लिव्हर गेलं, माझंही गेलं. त्याचं गेलं तेव्हा सगळ्या धारला कळलं. माझं जात होतं तेव्हा देवासमध्ये लोक मला म्हणत होते, "तब्येत छान भरली हो तुमची."

भरली होतीच. पोटात पाणी भरत होतं. संध्याकाळी पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा रुतायचा. पण बाईचं पोट सुटलं म्हणजे घर सुखात आहे, असा आमच्याकडे पक्का समज. आमचे हे तर ते कौतुकानं सांगायचे, जणू वजन यांनीच कमावलं होतं. जेवण जाईना तेव्हा घरात एकमतानं अ‍ॅसिडिटी ठरली. आमच्या घराण्यात बायकांना एवढा एकच आजार मंजूर आहे.

दारूचा थेंब मी कधी घेतला नाही. मधुमेह मात्र होता, आणि उपवास होते. सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि वरून तूप. असे उपवास मी चाळीशीपासून भक्तिभावानं केले आणि लिव्हरवर चरबी चढवली.

दादाचं तसं नव्हतं. आमचे पणजोबा संस्थानात कुणीतरी होते. नेमके कोण, ते दर लग्नात एकेक पायरी वर चढतात. दादा त्या इतमामाला शोभेल असा प्यायचा. चांदीचा ट्रे, काजू, चार पाहुणे. त्याला कुणी दारुड्या म्हटलं नाही. "भियांना संध्याकाळी बसायची सवय आहे," असं लोक म्हणायचे. माळव्यात दादाला भियाच म्हणतात.

माझ्या पोटाचा पहिला तपास धारलाच झाला. दिवाळीला माहेरी गेले होते, उलट्या थांबेनात म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. बाकावर माझ्या शेजारी मनावर गावाकडची एक भिल्ल बाई होती. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे, पोट माझ्याएवढंच. डॉक्टर तरुण होता. त्यानं तिला हात लावायच्या आधीच विचारलं, "महुआ कितना पीती हो?"

"कभी नहीं पी, साब."

"सब यही कहते हैं."

मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं, "मैडम, आप व्रत बहुत करती होंगी?"

आम्हा दोघींना त्यानं सारखंच गुलाबी औषध लिहून दिलं. ती बाई पुढं कुठं गेली, मला माहीत नाही. तिला कुणी इंदूरला नेलं असेल असं वाटत नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. तिच्या लिव्हरवर निदान संशय तरी घेतला गेला होता.

मग दादा रक्त ओकला, आणि घराण्याला जाग आली. इंदूरच्या मोठ्या इस्पितळात त्याला खिडकीजवळची खोली मिळाली. पुण्याचे चुलते आले. कॉरिडॉरमध्ये आमच्या लोकांचा दरबारच भरला. डाळिंबं इतकी आली की नर्सबाई घरी नेऊ लागल्या. लिव्हर बदलायचं म्हटल्यावर द्यायचं कुणी, याची चर्चा फार झाली नाही. वहिनीचा रक्तगट जुळत होता. बैठक संपली. तिला फक्त एवढंच विचारलं, "उद्याची एकादशी सोडशील ना?"

तिनं सोडली. लिव्हरचा मोठा तुकडाही दिला. दादा वाचला.

त्याच्या दुखण्यात सोबत म्हणून मी इस्पितळात बसत असे. माझा पिवळा चेहरा पाहून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला धरूनच तपासलं. म्हणाल्या, "दादांइतकंच खराब आहे तुमचं." त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. किती आजारी आहे हे मोजायचं जे गणित आहे, त्यात रक्तातला एक आकडा धरतात. बायकांच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तो आकडाही कमी येतो. त्यामुळे बायका कागदावर जरा बऱ्या दिसतात. मला हसू आलं. गणितसुद्धा माहेरच्यांसारखंच निघालं.

"तुमचंही बदलावं लागेल. कुणाचा तुकडा जुळतो, घरातल्यांना तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "वर्षभर थांबू नका."

घरात मी विषय काढला. मुलगा बेंगळुरूला. त्याचं नाव कुणी घ्यायच्या आत मीच म्हणाले, "त्याला नको. त्याचं अजून सगळं व्हायचंय." मुलगी तयार होती. तिच्या सासूबाई उज्जैनहून फोनवर म्हणाल्या, "अजून दुसरं मूल व्हायचंय, विहीणबाई." उरले हे. यांचा रक्तगट माझाच, हे लग्नात गुणांबरोबर कुणीतरी जुळवून पाहिलं होतं. यांनी पेपर उघडला. "माझं बीपी आहे ना गं," म्हणाले.

त्यानंतर महिनेच्या महिने गेले. माझ्या पोटातलं पाणी दर पंधरवड्याला सुईनं काढत होते.

आणि मग दादाची गूळतुला ठरली. वहिनीच्या माहेरच्यांनी नवस बोलला होता. धरमपुरीला नर्मदेच्या घाटावर मोठा तराजू टांगला. दादा पगडी घालून, उपरणं घेऊन एका पारड्यात बसला. दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढू लागल्या. गुरुजी मंत्र म्हणत होते, एक नातलग मोबाइलवर शूटिंग करत होता, नावाडी नाव थांबवून पाहत होते. ज्या बाईच्या पोटातला तुकडा घेऊन हा माणूस पारड्यात बसला होता, ती कडेला ओवाळणीचं तबक धरून उभी होती.

मला हेवा वाटला, तो नीट सांगते. दादाच्या पगडीचा नाही. गुळाचाही नाही, जरी पोटातलं पाणी धरून मी बसले असते तर ढेपा जास्त लागल्या असत्या. मला वाटत होतं, याच्या जगण्यासाठी एवढी माणसं उन्हात उभी राहतात, आणि माझ्यासाठी एक माणूस पेपर खाली ठेवत नाही. वहिनीच्या टाक्यांचाही हेवा वाटला. तिला दुखलं ते लोकांना माहीत तरी आहे.

तुला झाल्यावर बहिणीनं ओवाळायचं असतं. वहिनीच्या हातातलं तबक घेऊन मी ओवाळलं. दादानं तबकात माहेश्वरी साडी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माग गं, आणखी काय हवं? आज नाही म्हणायचा नाही!"

"यांना रक्त तपासायला पाठव," मी म्हणाले.

गुरुजी मंत्रात अडखळले. यांनी नदीकडे पाहिलं.

"अगं, इथं काय बोलतेस?" दादा पगडी सावरत म्हणाला.

"तू माग म्हणालास. साडी परत घे हवी तर."

"माझं बीपी..." हे म्हणाले.

वहिनी माझ्या हातातलं तबक घेऊन खाली ठेवत म्हणाली, "बीपी मलाही होतं, भावोजी. गोळी देतात. सोमवारी मी येते तुमच्याबरोबर. वन्सं, तुम्हीही चला. तिथले सगळे जिने मला पाठ झालेत."

दादानं मान डोलावली. नाही म्हणायचा नाही, असं तो घाटभर बोलून बसला होता, आणि शूटिंग चालूच होतं.

सोमवारी गेलो. यांच्या दंडातून चार बाटल्या रक्त काढलं, बाटल्या म्हणजे बोटभर नळ्या, पण यांचा चेहरा पाहून कुणीही बाटल्याच म्हटलं असतं. यांना घाम फुटला. वहिनीनं यांना बाकावर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. दादाचा फोन आला, "भावोजींना चक्कर तर नाही ना?" मुलाचा आला, "बाबा ठीक आहेत?" कँटीनवाल्यानं जास्त साखरेचा चहा आणून दिला. मी शेजारी उभी होते, सुजलेल्या पायांवर, कारण बाक भरला होता. जुना, ओळखीचा हेवा पुन्हा घशाशी आला.

रक्तगट जुळला. पोटाचा स्कॅन पुढच्या आठवड्यात. त्यात काय निघेल, देव जाणे. साबुदाणा यांनीही माझ्याच हातचा खाल्लाय.

आतून नर्स आली. तिनं बाकावर आडव्या पडलेल्या यांच्याकडे काळजीनं पाहिलं आणि फाईल उघडली.

"पेशंट यही हैं ना?"

यांनी उत्तर द्यायच्या आत मी हात वर केला.