पुसट अक्षरं

आमच्या गुडगावच्या ऑफिसच्या एका बाजूला नवी काचेची इमारत होती आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून मी रोज कंपनीच्या गाडीने तिथे जायचे आणि पुण्याहून आलेली म्हणून स्वतःला जरा जास्तच शहाणी समजायचे.

काम लष्कराचं होतं. सीमेपलीकडचं वायरलेसवरचं बोलणं ऐकणारे जवान कानाला हेडफोन लावून बसत आणि ऐकू येईल ते पेन्सिलीने रजिस्टरमध्ये लिहीत. त्या रजिस्टरच्या जागी कॉम्प्युटर आणायचा, आणि तो कुठल्याही जवानाला सहज वापरता यावा, ही जबाबदारी माझी. जुनी रजिस्टरं चाळली तर काही अक्षरं ठळक, काही पुसट. मला वाटलं, पेन्सिलीला टोक करायचा कंटाळा, दुसरं काय! माझ्या पडद्यावर सगळी अक्षरं सारखीच काळीभोर उमटत. शिवाय चुका टळाव्यात म्हणून प्रत्येक नोंदीनंतर मी एक चौकट टाकली होती. ‘आर यू शुअर?’ खाली येस आणि नो. येस दाबलं की नोंद राहायची, नो दाबलं की कायमची जायची. त्या चौकटीचं मला भारी कौतुक होतं.

चाचणी कॅन्टोन्मेंटमध्ये, भर दुपारी, एका बिनखिडक्यांच्या खोलीत झाली. सेटवर साताऱ्याकडचे एक हवालदार बसले. आयुष्य ऐकण्यात गेलेला माणूस. मी मराठी बोलते हे कळल्यापासून मला ताई म्हणायचे. खोलीत कागद-पेन्सिल आणायची नाही, असा कर्नलसाहेबांचा सक्त हुकूम होता. इथे ऐकलेलं चोरून लिहून घेणं म्हणजे थेट शिक्षा.

चाचणीसाठी संदेश भरून आणलेली टेप सुरू झाली. तिच्यात किती संदेश आहेत ते फक्त कर्नलना ठाऊक होतं. हवालदार डोळे मिटून ऐकत, टाइप करत, आणि चौकट आली की थांबत. स्पष्ट ऐकू आलेल्याला येस. पण खरखरीतून आलेला संदेश असला की त्यांचं बोट अधांतरी राही. मग ते प्रामाणिकपणे नो दाबत. अर्धवट खात्रीवर साहेबाला ‘हो’ म्हणायची त्यांना सवयच नव्हती. एकामागून एक नोंदी पडद्यावरून जात होत्या.

तेवढ्यात मला त्यांचा डावा हात दिसला. टेबलाखाली गुडघ्यावर बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता आणि हातात पेन्सिलीचा तुकडा. पडद्यावरून गेलेले संदेश त्या कागदावर होते, सगळे पुसट अक्षरांत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुसट म्हणजे ‘बहुतेक’. रजिस्टर वाचणारे ते ओळखत असणार. माझ्या पडद्यावर मात्र ‘बहुतेक’ला जागाच नव्हती.

टेप संपली. कर्नलनी त्यांच्याजवळची यादी पडद्याशी ताडून पाहिली.

“आधे से ज्यादा मिस,” ते म्हणाले. “इनके कान गए. मेडिकल करवाओ और सेट से हटाओ.”

हवालदार सावधानमध्ये उभे होते. कागद मुठीत चुरगळलेला. त्यांनी कर्नलकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

शेजारून माझ्या बॉसने कोपर दाबलं. कॉन्ट्रॅक्ट अजून हातात यायचं होतं. तरी मी तोंड उघडलं.

“सर, गलती इनकी नहीं है. शायद मेरे सॉफ्टवेअर की है.”

कर्नल वळले. “आर यू शुअर, मॅडम?”

मला बहुतेक खात्री होती. पुरावा हवा तर तो कागद दाखवावा लागणार, आणि कागद दाखवला की हवालदारांना शिक्षा. हे सगळं मी नंतर स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी घाबरले होते, बाकी काही नाही.

“चेक करके बताती हूँ, सर,” मी म्हणाले. कर्नलनी मान हलवली आणि हवालदारांना सेटवरून हटवायच्या हुकमावर सही केली.

ती चौकट मी त्याच आठवड्यात काढून टाकली. शंका असेल तर एक बटण दाबायचं, अक्षर फिकट उमटेल, अशी सोय केली. कर्नलना ती फार आवडली, कॉन्ट्रॅक्टही मिळालं. त्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभराने हवालदार दिसले ते स्टोअरच्या दारात, ब्लँकेटांच्या थप्पीजवळ. मी कानांचं विचारलं.

“तपासले की. ठणठणीत निघाले. पर खुर्चीवर आता दुसरा बसलाय.”

मी त्यांना फिकट अक्षरांचं सांगितलं. मग मीच म्हणाले, “त्या दिवशी मी कर्नलना येस म्हणायला हवं होतं. चुकलं माझं.”

त्यांनी हातातल्या ब्लँकेटाची घडी नीट केली.

“असू द्या, ताई. तुमची पुरी खात्री नव्हती ना? मी पन नोच दाबलं होतं.”