मूळ पिंजऱ्याच्या मावशी

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता मावशी डावा हात कोपरापर्यंत धुतात, साबण न लावता, आणि पिंजऱ्याच्या कापडी बाहीत घालतात. पुढची पंधरा मिनिटं दोनेकशे डासिणी त्या हातावर जेवतात. नर बिचारे साखरपाण्यावर. मावशी उजव्या हाताने शब्दकोडं सोडवत बसतात.

याला अकरा वर्षं झाली. पिंजऱ्यांच्या बाह्या त्यांच्या शिंपी नवऱ्यानेच शिवून दिल्यात. "आमची ही रक्त आटवते, पण संसारासाठी नाही, डासांसाठी," हे तो कपड्याचं माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो.

हे डास साधेसुधे नाहीत. त्यांच्या अंगात एक जिवाणू मुक्काम ठोकून आहे. तो असला की डेंग्यूच्या विषाणूची तिथे डाळ शिजत नाही. आणि तो आईकडून अंड्यांत, अंड्यांतून पोरांत, असा उतरत राहतो. असे डास शहरात सोडले की तिथल्या डासांतही हळूहळू पसरतो. हे डास जिथे वाढवतात त्या डासघरात बारा पिंजरे आहेत आणि तेरावा मूळ पिंजरा. बाराही पिंजऱ्यांचं ते माहेर, सगळी अंडी तिथून जातात. त्यात हात घालायचा तो फक्त मावशींनी.

नियम एकच. अँटिबायोटिक घेतलेल्या माणसाने महिनाभर हात घालायचा नाही, कारण रक्तातून ते औषध डासाच्या पोटात जातं आणि जिवाणू मरतो. म्हणून दर वेळी फॉर्म भरायचा: औषध घेतलं आहे का? बाकीच्या पिंजऱ्यांत हात घालायला नव्याने आलेल्या प्रत्येकाला मावशी हे इतकं बजावून सांगत की ऐकणाऱ्याला सर्दीची वाफ घ्यायचीही भीती वाटावी. स्वतः मात्र त्या एक तारखेलाच महिन्याचे सगळे फॉर्म पुढ्यात घेत आणि सगळ्यांवर एकदम 'नाही' लिहून सही करून मोकळ्या होत. माणूस जाणता झाला की असंच करतो.

मग त्यांची हिरडी सुजली. दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी शनिवारपासून मुकाट्याने घेतल्या. औषध म्हणजे तापाचं, खोकल्याचं. दाताचं ते दुरुस्तीकाम, असा त्यांचा हिशेब. मंगळवारी नेहमीसारखा हात घातला.

त्याच संध्याकाळी सून औषधांच्या दुकानातलं काम आटपून घरी आली. टेबलावरचं पाकीट तिने उलटून पाहिलं.

"आई, ही दुखण्याची गोळी नाही. हे अँटिबायोटिक आहे. तुमच्या डासांना चालत नाही म्हणता ना, त्यातलंच."

मावशींनी पेला खाली ठेवला.

"आज हात घातलास?" नवऱ्याने विचारलं.

"घातला."

"मग गप्प बस. एका दिवसानं काय होतंय?"

मावशींनी मनाशी तोलून पाहिलं. सांगावं तर एक तारखेच्या सह्या बाहेर येणार, आणि असल्या बाईला मूळ पिंजऱ्याजवळ कोण उभं करील? न सांगावं तर जिवाणू नसलेली पोरं बारा पिंजऱ्यांत जाणार आणि तिथून गल्ल्यागल्ल्यांत. लोक आपल्या भरवशावर निर्धास्त बसणार आणि त्यांना चावणारे डास मी स्वतःच्या रक्तावर वाढवलेले. या दुसऱ्या विचाराने त्यांना जेवण जाईना.

सकाळी त्या मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डासघर बघणाऱ्या मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या.

"मॅडम, मी दातासाठी अँटिबायोटिक घेत होते आणि काल मूळ पिंजऱ्यात हात घातला. फॉर्म मी एक तारखेलाच भरून ठेवते. दर महिन्याला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग एकच विचारलं, "अंडी कधी घालतील?"

"परवापासून."

"मग अजून वेळ आहे. तुम्ही बोलला नसतात तर मला तीन पिढ्यांनी कळलं असतं. तेव्हा माहेरच उरलं नसतं."

दोघींनी मिळून दोनशे छोटे कप मांडले. प्रत्येकात ओला कागद, एक डासीण आणि वर जाळी. जिने अंडी घातली तिची तपासणी करायची. जिवाणू भरपूर असेल तर तिची अंडी ठेवायची, नाहीतर टाकायची. कपांवर आकडे मावशींनी घातले, आणि निकाल येईपर्यंत त्या रोज कपांसमोर उभ्या राहून आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. सतरा कप वाईट निघाले. ती अंडी मावशींनी स्वतः उकळत्या पाण्यात टाकली, आणि टाकताना त्यांना रडू आलं. बाकीची पिंजऱ्यात परत गेली. माहेर वाचलं.

महिनाभर मूळ पिंजऱ्यात मॅडमनी स्वतःचा हात घातला. मावशी शेजारी उभ्या. "हलवू नका. बुजतात त्या," असं त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मॅडमनी त्यांना दोनदा चहा करायला पाठवलं. फॉर्म आता मॅडमच भरत, त्या त्या सकाळी, तोंडी विचारून.

महिना संपल्यावरच्या मंगळवारी मॅडमनी मावशींसमोर फॉर्म धरला.

"औषध?"

"नाही."

"दात?"

"काढून टाकला."

"घाला हात."

त्या संध्याकाळी मावशींचा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्ट्यांनी भरला. अकरा वर्षांत हाताला चावे अंगवळणी पडले होते, खाज कधीचीच येईनाशी झाली होती. एका महिन्याच्या खंडाने ती सवय मोडली होती. नवरा मलमाची ट्यूब घेऊन आला.

"लावू का?"

"नको, खाजू दे," मावशी म्हणाल्या, आणि हात टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवून जेवायला बसल्या.